अनेक दिवसांची एन्ड्युरन्स राईड: सामान कसं बांधायचं, क्रूनं काय करायचं

एन्ड्युरन्स राईड म्हणजे घोड्यावरून लांब पल्ल्याची स्पर्धा, आणि क्रू म्हणजे त्यात स्वाराला आणि घोड्याला मदत करणारी माणसं. अमेरिकेतल्या टेव्हिस कपसारखी १०० मैलांची, म्हणजे १६० किलोमीटरची राईड एका दिवसात संपते. शेवटची तपासणी पार पडली की घोड्याला हवी तेवढी विश्रांती देता येते. सलग काही दिवसांच्या राईडमध्ये ही सोय नसते. अमेरिकेतल्या एईआरसी या संस्थेची ‘पायोनियर’ राईड किमान तीन दिवसांची आणि एकूण किमान १५५ मैलांची, म्हणजे जवळपास २५० किलोमीटरची असते. रोजचे ८० किलोमीटर ऐकायला १६० च्या निम्मेच वाटतात. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तोच घोडा उभा असतो, तीच पाठ, तेच पाय, आणि तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा त्याच जागी आवळायचा असतो. पहिल्या दिवशी तंगाखाली दोन बोटं रुंदीचे केस उडालेले दिसले आणि दुर्लक्ष केलं, तर तिसऱ्या दिवशी तिथे उघडी जखम असते.

त्यामुळे माझं मत असं की अशी राईड वाटेपेक्षा कॅम्पमध्ये जास्त ठरते. घोडा संध्याकाळी परत आल्यापासून सकाळी निघेपर्यंत बारा-चौदा तास मिळतात. सामान बांधायचं ते या तासांसाठी, आणि क्रू न्यायचा तोही यांच्यासाठीच. मंगोल डर्बीसारखी १००० किलोमीटरची राईड वेगळी, तिथे साधारण दर ४० किलोमीटरवर घोडा बदलतात. इथे गृहीत धरलंय की सगळे दिवस एकच घोडा धावणार आहे.

आधी नियमपत्रक, मग यादी

आयोजकांचं पत्रक हातात पडल्यावर चार गोष्टींखाली रेघ मारा. कॅम्प एकाच जागी आहे की रोज पुढे सरकतो? होल्ड, म्हणजे मधला सक्तीचा थांबा, कॅम्पमध्येच आहे की वाटेत दुसरीकडे, आणि तिथे क्रूची गाडी पोचते का? पाणी कुठे कुठे मिळेल? आणि नाडीचा निकष किती आहे, म्हणजे थांब्यावर घोड्याची नाडी किती ठोक्यांपर्यंत आणि किती मिनिटांत उतरायला हवी?

एफईआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघ, याच्या स्पर्धांमध्ये नाडीची नेहमीची मर्यादा मिनिटाला ६४ ठोके. इतर संस्थांच्या राईडमध्ये आकडा थोडा खालीवर असतो, शिवाय हवा फार गरम असेल तर घोडे तपासणारे डॉक्टर तो आणखी खाली आणू शकतात. राईडच्या आदल्या संध्याकाळच्या बैठकीत हे सगळं सांगतात. त्या बैठकीला स्वार आणि क्रूचा मुख्य, दोघांनीही जावं. ‘तू ऐकून ये, मग मला सांग’ यातूनच निम्मे घोटाळे होतात.

औषधांचा नियम आत्ताच वाचून घ्या, तिथे पोचल्यावर नको. वेदनाशामकं स्पर्धेत चालत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. पण मिरचीतलं कॅप्सेसिन असलेली मालिशची मलमं आणि व्हॅलेरियनसारख्या ‘निव्वळ वनस्पतीजन्य’ शांत करणाऱ्या पुड्यासुद्धा एफईआयच्या बंदी यादीत आहेत. डब्यावर घटक नीट लिहिलेले नसतील तर तो डबा घरीच राहू दे.

किती लागेल याचा हिशेब

खाण्यापासून सुरुवात करा. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो. ४२० किलोच्या घोड्याला दोन टक्क्यांनी साधारण साडेआठ किलो. राईडच्या दिवसांत त्याला सतत तोंड हलवायला मिळावं, म्हणून मी दहा किलो धरते. पाच दिवसांची राईड असेल तर आदला आणि नंतरचा दिवस मिळून सात दिवस होतात. म्हणजे सत्तर किलो, त्यावर पाचवा हिस्सा जास्त, कारण कॅम्पमध्ये बराच चारा पायाखाली जातो. चारा घरचाच न्या. नवा चारा, नवी चंदी, नवं पाणी आणि नवी जागा असं सगळं एकाच दिवशी पोटावर आलं तर पोटशूळ झालाच म्हणून समजा.

चाऱ्याला इतकं महत्त्व का, तर घोड्याच्या मोठ्या आतड्यात तंतुमय खाद्य आंबतं आणि त्यासोबत पाणी आणि क्षारही धरून ठेवले जातात. धावताना घोडा हाच साठा वापरतो. ऊर्जा म्हणून चंदी लागतेच, पण थोडी थोडी आणि अनेकदा. एका वेळी दोन किलोच्या वर धान्य नको. निघायच्या तीन-चार तास आधीपासून धान्याचं मोठं जेवण नको, कारण त्यानंतर इन्सुलिन वाढतं आणि ऐन धावण्याच्या वेळी रक्तातली साखर घसरते. बीटचा भिजवलेला चोथा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. त्यात पाणी भरपूर मुरतं, आणि पाणी न पिणारा घोडाही तो चाटून खातो.

आता पाणी. विश्रांतीच्या दिवशीही घोडा २५ लिटरच्या पुढे पाणी पितो, धावण्याच्या दिवशी दुप्पट किंवा त्याहून जास्त. दमट गरमीत तासाला दहा लिटरच्या वर घाम जाऊ शकतो. अंगावर ओतायचं पाणी वेगळं. आयोजक टाकी ठेवतात, पण वीस लिटरचे चार कॅन स्वतःचे असावेत. बादल्या किमान चार: दोन पिण्याच्या, एक खाण्याची, एक अंग धुण्याची. पिण्याच्या बादलीत स्पंज बुडवायचा नाही. घामाची चव लागली की घोडा तोंड फिरवतो.

क्षारांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण चुका इथेच जास्त होतात. माणसाच्या घामापेक्षा घोड्याच्या घामात मीठ कितीतरी जास्त. लिटरमागे साधारण दहा ग्रॅम क्षार जातात, मुख्यतः सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम. पाण्यासोबत मीठही त्याच प्रमाणात गेल्यामुळे रक्तातलं मिठाचं प्रमाण फारसं वाढत नाही, मग मेंदूला तहानेचा निरोपच पोचत नाही. घोडा आतून सुकत असतो आणि टाकीसमोर मान वर करून इकडेतिकडे बघत उभा राहतो. क्षार द्यायचे ते यासाठी: तहान जागी करायला. म्हणूनच पाणी अजिबात न पिणाऱ्या, आधीच सुकलेल्या घोड्याच्या तोंडात क्षारांची पिचकारी मारू नये. पोटात गेलेलं मीठ शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. आधी पाणी किंवा पातळ चोथा, मग क्षार, तेही थोडे थोडे, घरी सराव करताना दिलेल्या प्रमाणातच. पाकिटावर बायकार्बोनेट दिसलं तर ते घेऊ नका. लांब पल्ल्यात घामावाटे क्लोराइड जातं आणि रक्त आधीच अल्कधर्मी बाजूला झुकलेलं असतं. गाईगुरांसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुड्यांमध्ये बायकार्बोनेट असतं.

पेट्या भरताना वेळेप्रमाणे भरा

बहुतेक जण प्रकारानुसार सामान भरतात: एका पेटीत सगळे पट्टे, दुसरीत सगळे ब्रश, तिसरीत औषधं. घरच्या पागेत हे छान दिसतं. होल्डला मात्र तीन पेट्या उघडल्याशिवाय एक काम होत नाही. मी कधी लागणार त्याप्रमाणे भरते, आणि प्रत्येक पेटीच्या झाकणावर आतून यादी चिकटवते.

पहिली होल्डची पेटी. ही सतत गाडीच्या दाराशी. स्टेथोस्कोप, घड्याळ, मोठे स्पंज, पाणी ओतायचे मग, पाणी निपटायची पट्टी, पातळ चादर, जाड चादर, क्षारांच्या आधीच भरून ठेवलेल्या ६० मिलीच्या पिचकाऱ्या, खूर साफ करायची आकडी, झिंक ऑक्साइडचं मलम, कोरडं खोगीरवस्त्र, आणि स्वारासाठी खाऊ, मोजे, सनस्क्रीन. चोथा आदल्या रात्री झाकणाच्या बादलीत भिजवून ठेवायचा. उन्हाळ्यात तो आंबतो, म्हणून तेव्हा सकाळी.

दुसरी संध्याकाळची पेटी. पायांना गारवा देण्याचं साहित्य, चिकणमातीचा लेप, उभं असताना बांधायच्या पट्ट्या आणि त्याखालची गादी, खरारा, मऊ ब्रश, थर्मामीटर, वही.

तिसरी रात्रीची पेटी. कुंपणाची टेप, खुंट्या, बॅटरी, दोर, जादा मोरखी, हेडलॅम्प, चाऱ्याच्या जाळ्या.

चौथी दुरुस्तीची पेटी. घरच्या नालबंदाकडून बसवून पाहिलेले पुढचे-मागचे जादा नाल, खिळे, मापाचे हूफ बूट (नाल निघाला तर खुरावर चढवायचे), जादा तंग, रिकिबीचे पट्टे, लगाम, चामड्याची दोरी, वायरचे बंद, चिकटपट्टी, सुरी. पाच दिवसांत काहीतरी तुटतंच. ते बहुतेक वेळा रिकिबीचा पट्टा किंवा तंगाचं बक्कल असतं.

प्रथमोपचाराची पेटी यांपासून वेगळी आणि ठळक रंगाची. सलाईन, गॉझ, स्वतःला चिकटणाऱ्या पट्ट्या, कापूस, कात्री, हातमोजे. इंजेक्शनं नकोत, ते डॉक्टरांचं काम. घोड्याचा पासपोर्ट आणि लसीकरणाचे कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, गाडीच्या पुढच्या कप्प्यात.

खोगीरवस्त्रं मात्र हात सैल सोडून न्या. वाळलेल्या घामाच्या मिठाने कापड खरखरीत होतं आणि पाठ सोलते. रोज सकाळी स्वच्छ आणि पूर्ण कोरडं वस्त्र हवं, होल्डला बदलायला आणखी एक. तंगाच्या आवरणालाही हाच नियम. बाकीच्या ‘असू दे, लागेल’ वस्तूंची खोगीरभरती कमी केली की यांना जागा होते. राईडला नवी कोरी वस्तू नेऊ नका. खोगीर, तंग, बूट, स्वाराची विजार, सगळं घरच्या लांब रपेटीत घामाने भिजवून पाहिलेलं असावं.

खोगिरावर काय असावं

कमीत कमी. दोरीला बांधलेला स्पंज, वाटेतल्या ओढ्यात बसल्या जागेवरून बुडवता येतो. खूर साफ करायची आकडी, एक हूफ बूट, चिकटणारी एक पट्टी, छोटी सुरी, लीड दोर, पाण्याच्या दोन बाटल्या, दोन मूठ खाणं. डावी आणि उजवी पिशवी वजनकाट्यावर ठेवून सारखी करा. एका बाजूचं अर्धा किलो जास्त वजन दिवसभर खोगीर तिकडे ओढत राहतं. मागे बांधायची पिशवी कमरेवर दाबली जाणार नाही, आपटणार नाही अशी घट्ट बसवा.

फोन, शिट्टी आणि कॅम्पचा नकाशा स्वाराच्या अंगावर. खोगिराच्या पिशवीत ठेवले आणि स्वार पडला तर घोडा ते घेऊन जातो. मोरखीला एक टॅग लावा, त्यावर क्रूचा फोन नंबर.

क्रू किती, कोण

एका घोड्याला दोन माणसं पुरतात. एकाला जमतं, पण तिसऱ्या दिवशी ते माणूस उभ्या उभ्या झोपतं. चार जण झाले की प्रत्येकाला वाटतं क्षार दुसऱ्याने दिले. दोघांत कामं अशी वाटून घ्या: एकाच्या हाती घोडा, दुसऱ्याच्या हाती घड्याळ, पाणी आणि वही. वेळेची सगळी जबाबदारी एकाच माणसाकडे.

निवड करताना घोड्याची खूप माहिती असलेल्यापेक्षा न गडबडणारा माणूस घ्या. त्याने घरी तीन गोष्टींचा सराव करावा. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत येतो का ते पाहायचं. आणि घोड्याला सैल दोरावर, सरळ रेषेत, दुडक्या चालीने शेजारून पळवायचं. तिसरी गोष्ट सोपी वाटते, पण दमलेला घोडा ओढल्याशिवाय पळत नाही, आणि ओढला की मान वाकडी करून लंगडल्यासारखा दिसतो.

निघण्याआधी स्वार आणि क्रूने बसून ठरवावं की कोणत्या खुणा दिसल्या तर राईड तिथेच सोडायची. ते वहीत लिहावं आणि तिसऱ्या दिवशी त्यावर वाद घालू नये. स्वाराला पूर्ण करायची घाई असते, क्रूला नसते. म्हणून ‘आज नको’ म्हणायचा हक्क क्रूला आधीच देऊन ठेवा.

होल्ड, मिनिटामिनिटाने

स्वाराने शेवटचे पाचशे मीटर ते एक किलोमीटर उतरून चालत यावं, तंग एक घर सैल करून. येणाऱ्या घोड्याची नाडी वाटेतच उतरायला लागते.

घोडा पोचताच एकाने मोरखी धरायची, दुसऱ्याने खोगीर उतरवायचं, आणि लगेच पाणी. मान, छाती, पुढच्या पायांच्या मधली जागा, पोटाखालच्या शिरा. गरम हवेत थंड पाणी सतत ओतत राहिलं तर चालतं, मागचे मोठे स्नायूही भिजवा. थंड पाण्याने स्नायू आखडतात ही जुनी भीती गरम हवेत खरी ठरत नाही. ओतत असताना मध्ये मध्ये निपटत बसण्याची गरज नाही, ओतणंच थांबवू नका. वारा थंड असेल तर गोष्ट उलटी: मान-छाती भिजवा, पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या भागावर, जाड चादर टाका. घोडा तापलेला आहे म्हणून पाणी पाजायचं नाही, हाही गैरसमज. पितो तेवढं पिऊ द्या.

दोन मिनिटांनी ठोके मोजा. ६४ ची मर्यादा असेल तर ६४ आल्याबरोबर रांगेत धावू नका. रांगेत शेजारी अनोळखी घोडा खिंकाळला की आठ ठोके सहज वाढतात. ५८-६० पर्यंत उतरू द्या, मग चला. घड्याळ मात्र डोळ्यासमोर हवं, दिलेली मिनिटं संपली तर घोडा कितीही ताजा असो, बाद.

डॉक्टर नाडी, हिरड्या, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर किती पटकन बसते, पोटातले आवाज, पाठ, तंगाची जागा आणि चाल पाहतात. बऱ्याच ठिकाणी कार्डियाक रिकव्हरी इंडेक्स घेतात: नाडी मोजायची, घोड्याला ३८ मीटर दुडकीने नेऊन परत आणायचा, पहिल्या मोजणीच्या वेळेपासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजायची. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी असेल तर छान. चार किंवा त्याहून जास्त वाढला तर घोडा काहीतरी लपवतोय, दुखणं किंवा थकवा. डॉक्टरांचं कार्ड हातात आलं की वाचा. पोटाच्या आवाजासमोर सकाळी ‘अ’ श्रेणी आणि आता त्याखालची ‘ब’ असेल तर पुढचा टप्पा सावकाश, आणि होल्डमध्ये खाणं आणखी वाढवायचं.

मग सावलीत, चारा पुढ्यात, चोथा बाजूला, पाणी दोन बादल्यांत: एकात साधं, दुसऱ्यात हवं तर चवीचं. साधी बादली कधीही काढून घेऊ नका. याच वेळी स्वाराने बसून खायचं. स्वाराला भूक नसते, पण क्रूने ताट हातात द्यावं आणि समोर उभं राहावं. निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी खोगीर, दहा मिनिटं आधी क्षार, पाच मिनिटं आधी गेटवर. वेळ झाली आणि घोडा अजून गाडीपाशी बांधलेला असेल, तर ते वरातीमागून घोडं झालं.

संध्याकाळ: खरं काम आता

शेवटची तपासणी झाल्यावर क्रूला सुटकेचा श्वास टाकावासा वाटतो. टाकू नका. पुढचे तीन तास सगळ्यात मोलाचे.

आधी सगळं अंग धुवा, घामाचा थर राहू देऊ नका. मग पाय गार पाण्यात किंवा बर्फाच्या पट्टीत वीस मिनिटं. त्यानंतर हातमोजे न घालता, उघड्या तळहाताने चारही पाय वरून खाली चाचपा. एकच पाय पाहून काही कळत नाही, दोन्ही पुढचे एकाच वेळी धरा, मग दोन्ही मागचे. एकात ऊब जास्त आहे का, घोट्याभोवती कणकेसारखं मऊ लागतं का. दोन्ही सारखेच सुजले असतील तर ती बहुधा उभं राहिल्याची सूज, चालवल्यावर उतरते. एकच पाय वेगळा लागला तर डॉक्टरांना दाखवा.

पाठीला वेळ द्या. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवरून चार बोटांची टोकं सारख्या दाबाने खांद्यापासून कमरेपर्यंत फिरवा. घोडा खाली दबला, कातडी थरथरली किंवा कान मागे गेले तर ती जागा वहीत लिहा आणि खोगिराचं पॅड तिथे तपासा. पॅड काढल्यावर घामाचा ठसाही बघा: सगळं ओलं आणि मध्येच एक कोरडा तळहाताएवढा तुकडा असेल तर तिथे दाब जास्त पडतोय. तंगाखालची कातडी बोटांत धरून घड्या मोकळ्या करा. तोंडाचे कोपरे, खूर, नालाचे खिळे.

वहीत चार ओळी: नाडी, तापमान, किती पाणी प्यायला, लीद आणि लघवी झाली का. साधारणतः विश्रांतीत नाडी २८ ते ४४ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश. तुमच्या घोड्याचा घरचा आकडा माहीत असेल तर तोच खरा मापदंड. थकलेल्या घोड्याची नाडी रात्री झोपायच्या वेळीही घरच्यापेक्षा बारा-पंधरा ठोक्यांनी वर असेल, तर उद्याचा निर्णय जवळजवळ झालाच.

झोपण्याआधी दहा मिनिटं हातात धरून चालवा, मध्यरात्री कोणी उठणार असेल तर पुन्हा एकदा. दोराला बांधून किंवा लहान कुंपणात रात्रभर उभा राहिलेला घोडा सकाळी काठीसारखा ताठ निघतो.

रात्र

बांधायचे तीन मार्ग: पोर्टेबल कठडे, विजेची टेप, आणि दोन खांबांमध्ये घोड्याच्या डोक्याच्या वर ताणलेला दोर. टेप हलकी, पण घोड्याला ती घरी शिकवलेली असावी. उंच दोराला बांधताना दोराची लांबी एवढीच ठेवा की तोंड जमिनीवरच्या चाऱ्याला पोचेल, पाय अडकणार नाही. ओढल्यावर सुटणारी गाठ.

क्रूने पाळी लावून झोपावं. दहा वाजता चारा तसाच पडलेला, पाण्याची पातळी तीच, लीद नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. कॅम्पवरच्या डॉक्टरांना रात्री उठवलेलं आवडतं असं नाही, पण सकाळी सलाईन लावण्यापेक्षा त्यांनाही हेच बरं.

पहाट आणि हलणारा कॅम्प

निघण्याच्या अडीच-तीन तास आधी चारा आणि पातळ चोथा. एक तास आधी दहा मिनिटं चालवून, सरळ रेषेत दुडकी पाहा. पहिली चार पावलं ताठ असतील आणि मग मोकळी झाली तर ठीक. मोकळी होत नसतील तर खोगीर घालू नका. अंधारात निघायचं असेल तर पांढऱ्या झोताऐवजी मंद लाल दिवा, तोही गरजेपुरता. घोड्याचे डोळे अंधाराला हळूहळू सरावतात आणि अंधारात त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. प्रत्येक झोतानंतर ते सरावणं पुन्हा पहिल्यापासून.

कॅम्प रोज पुढे सरकत असेल तर स्वार गेल्यावर क्रूची खरी धावपळ. वाटेने साठ किलोमीटर असलेलं अंतर रस्त्याने दुप्पट असू शकतं. गाडीत आधी रात्रीची पेटी, शेवटी होल्डची. पुढच्या कॅम्पवर पोचल्याबरोबर सावली आणि पाण्याजवळची जागा पकडा, कुंपण उभं करा, चोथा भिजवा, मगच स्वतःचं जेवण. क्रू नसेल तर आयोजक होल्डला पिशवी पोचवतात का ते विचारा. प्रत्येक होल्डची वेगळी पिशवी, त्यावर नाव, क्रमांक आणि दिवस.

कधी थांबायचं

अर्ध्या तासात नाडी ६४ च्या खाली येत नाही, किंवा येऊन पुन्हा चढते. गार पाणी ओतूनही तापमान ४० च्या वर टिकतं. कुशीचा स्नायू हृदयाच्या ठोक्याबरोबर उचक्यासारखा उडतो, ज्याला थम्प्स म्हणतात. यामागे बहुधा कॅल्शियमची कमतरता असते. मागचे पाय ताठ, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे, लघवी कॉफीच्या रंगाची: हे टाइंग-अप, इथे घोड्याला एकही पाऊल चालवू नका, डॉक्टरांना जागेवर बोलवा. कुशीकडे पुन्हा पुन्हा पाहणं, जमीन उकरणं, लोळणं म्हणजे पोटशूळ. यातलं काहीही दिसलं तर पुढचे दिवस संपले. बऱ्याच राईडमध्ये प्रत्येक दिवस स्वतंत्र मोजला जातो, म्हणजे आधीचे दिवस वाया जात नाहीत.

परतीची वाट

शेवटच्या संध्याकाळी लगेच ट्रेलरमध्ये चढवू नका, एक रात्र कॅम्पवर काढा. प्रवासात दर तीन-चार तासांनी थांबा, पाणी आणि चारा. पायांच्या पट्ट्या लावल्या असतील तर थांब्यावर उघडून पाहा. एफईआयच्या स्पर्धांनंतर अंतराप्रमाणे सक्तीची विश्रांती असते. तुमच्या राईडला तसा नियम नसला तरी दोन-तीन आठवडे खोगीर नको, मोकळ्या कुरणात सोडा. धान्य पहिल्याच दिवसापासून कमी करा. घरी पोचल्यावर तीन दिवस रोज नाडी आणि तापमान वहीत लिहा, पाय आणि पाठ चाचपा, कारण काही दुखणी तिसऱ्या दिवशी वर येतात. आणि पेट्या रिकाम्या करताना प्रत्येक यादीवर संपलेल्या वस्तूसमोर एक खूण, न लागलेल्या वस्तूसमोर दुसरी. सलग दोन राईडला दुसरी खूण मिळाली की ती वस्तू पागेतच ठेवा. प्रथमोपचाराची पेटी याला अपवाद.